सुजलेला ओठ

सुनेत्रा आणि सुगत यांची पहिली भेट लाळेवरून झाली. आता याला काय करणार! प्रेमकथेत मोगरा असावा, निदान चहाची टपरी तरी. पण जबलपूरच्या डेंटल कॉलेजात त्या दिवशी लाळेचं प्रॅक्टिकल होतं. विभावरी मॅडमनी जोड्या लावल्या. एकानं मान खाली घालून नळीत लाळ सोडायची, दुसऱ्यानं घड्याळ पाहायचं. जंतूंशी लढणारे तोंडातले पहारेकरी लाळेतच असतात, ते शोधायचे होते.

सुनेत्रानं घड्याळ धरलं. सुगतची नळी मात्र कोरडीच.

"काहून रे? तोंड सुकलं काय?"

"तू... जरा तिकडं पाह्य ना. समोर बसून राहिली तर येत नाही."

ती एवढी हसली, की मॅडमनी दोघांनाही बाहेर काढलं.

तेव्हापासून राइट टाउनचा हा पोरगा खमरियाच्या बसची वाट पाहू लागला. त्याचं घर उलट दिशेला असून! सुनेत्रा खमरियाच्या कारखान्याच्या क्वार्टरातली, तिला तर तीच बस. सारा वर्ग समजून चुकला होता. सुनेत्राही. पण तो बोलेल तर शपथ!

तिसऱ्या वर्षी हिरडी सुन्न करायचं इंजेक्शन आलं. पहिली सुई वर्गातल्यांनी एकमेकांनाच टोचायची, ही तिथली रीत. कसलीही ॲलर्जी असेल त्यानं खुर्चीत बसायचं नाही, हा मॅडमचा नियम. सुनेत्राचा हात थरथरायचा, म्हणून तिच्यापुढं कोणी बसेना. शेवटी सुगत येऊन बसला.

"कसली ॲलर्जी?" तिनं रीतसर विचारलं.

"काही नाही," तो छताकडे पाहत म्हणाला.

तिनं कॉलेजचे रबरी ग्लोव्हज चढवले, त्याचा गाल हलकेच बाजूला सारला... एवढ्या जवळून त्याला ती पहिल्यांदाच पाहत होती. लवंगेच्या तेलाचा वास येत होता. सुई बरोबर जागी गेली. पण मनातल्या मनात खुश व्हायच्या आतच सुगतचा ओठ फुगू लागला, गालावर लाल गांधी उठल्या. सुनेत्राच्या तोंडचं पाणी पळालं. मॅडमनी धावत येऊन त्याला सूज उतरायचं औषध टोचलं, खाटेवर निजवलं.

हळूहळू सूज उतरणीला लागली. पण सुनेत्रानं ॲप्रन काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, उद्यापासून मी येत नाही. हे हात डॉक्टरचे नाहीत."

तिचे बाबा, अंबादासजी, कारखान्यात कामाला. 'पोरगी दाताची डॉक्टर होऊन राहिली,' हे त्यांनी साऱ्या क्वार्टरांत सांगून ठेवलं होतं. त्यांना काय तोंड दाखवायचं?

"तिच्या हातानं नाही झालं, मॅडम," खाटेवरून सुजल्या ओठानं सुगत बोलला. "ग्लोव्हजच्या रबरानं झालं. लहानपणी फुगा फुगवला तरी ओठ सुजायचा."

सुनेत्राला त्याचे निळे, बिनरबरी ग्लोव्हज आठवले. ते तो घरून आणायचा. मोठा शौकीन म्हणून पोरं चिडवायची. मॅडमनी कपाळाला हात लावला, "पागल हो क्या?" म्हणाल्या आणि पाणी आणायला गेल्या.

"माहीत होतं? मग काहून नाही सांगितलं?" सुनेत्रा भडकलीच.

"सांगितलं असतं तर मॅडमनी उठवलं असतं मला. मग तुझ्यापुढं कोण बसलं असतं? म्हटलं, थोडी खाज येईल... सहन करून घेऊ."

"अन् मेला असता म्हणजे?" असं म्हणून ती जी रडायला लागली, ती काही केल्या थांबेना. आपला जीव याच्यात केवढा अडकला आहे, हे तिला त्या खाटेपाशी उभं राहून कळलं. तिला स्वतःचाच राग आला, आणि त्याचा तर आलाच.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी त्याच्या कातडीवर सुन्न करायचं औषध तपासून पाहिलं. काही उठलं नाही. मग भरपूर बोलणी खाऊन सुगत पुन्हा त्याच खुर्चीत बसला. सुनेत्राच्या हातात या वेळी त्याचे निळे ग्लोव्हज होते.

"कसली ॲलर्जी?"

"रबराची."

"खरं?"

"तुझी शपथ."

"आधी कापसानं लाळ टिपून घे," मॅडम मागून म्हणाल्या. सुनेत्रानं वाकून पाहिलं. तोंड ठणठणीत कोरडं.

"काहून रे?"

"तू समोर आहेस ना..."

"मग सवय करून घे," ती हळूच म्हणाली. "मी आता जन्मभर समोरच बसणार आहे."

सुगत काही बोलणार होता, पण तिनं त्याचा गाल बाजूला सारला आणि सुई टोचली. हात जराही हलला नाही.