कपाटावर चिकटलेली कबुली

"मुकुट गेला, शकुंतलाबाई! गणपतीचा चांदीचा मुकुट! आणि चोर सापडलासुद्धा!" सोमवारी सकाळी मंडळाचे अध्यक्ष मार्तंडराव फोनवर ओरडत होते.

खंडेराव गेटहून रिक्षाने शकुंतलाबाई सभागृहात पोचल्या, तोवर निकाल लागूनही गेला होता. बाईंनी तीस वर्षं झाशी स्टेशनवर चौकशीची खिडकी सांभाळलेली. गणेशोत्सवातल्या मराठी नाटकाला पडद्याआडून वाक्यं पुरवणं, म्हणजे प्रॉम्प्टिंग, हेही त्यांच्याचकडे.

लोखंडी कपाट उघडं होतं. मुकुटाची जागा रिकामी. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आणि त्यावर निळ्या बॉलपेनने तीन वाक्यं:

'सगळे समोर बसलेत आणि कुणालाच कळत नाही. चोरी मीच केली. तोंड उघडलं तर संपलं.'

"अक्षर रेवाचं आहे," मार्तंडराव म्हणाले. "आता यात वाचायचं काय राहिलंय?"

रेवा भिंतीला टेकून उभी होती. रेल्वेतल्या फिटरची बावीस वर्षांची मुलगी. परवा बिजौलीच्या एका शाळेत ती मास्तरीण म्हणून रुजू व्हायची होती.

"आजी, अक्षर माझंच आहे," ती रडत म्हणाली. "पर ये मेरी नाटक की कॉपी का पन्ना है. किसी ने फाडा है!"

ही कॉपी म्हणजे दिग्दर्शक स्वानंदची खास पद्धत. इथली तरुण पोरं मराठी समजतात, पण बोलताना अडखळतात. म्हणून प्रत्येकाने वही करायची. डाव्या पानावर संवाद, उजव्या पानावर पात्राच्या मनातलं. मग स्वानंद वह्या तपासायचा. शाळामास्तरच तो, शेरा आणि तारीख टाकल्याशिवाय पान उलटायचा नाही.

"कुठे आहे वही?" बाईंनी विचारलं.

"सरांकडे!"

"माझ्याकडे?" स्वानंद हसला. "वह्या मी शनिवारीच वाटल्या. हिची हिच्या हातात दिली."

"नाही दिली! झूठ बोल रहे हैं!"

"पाहा, चोर तो चोर," मार्तंडराव कडाडले. "मी शाळेला कळवलंय. आता कोतवालीत फोन करतो."

"शाळेला कळवलंत?" बाईंचा तिळपापड झाला. "उचलली जीभ लावली टाळ्याला! पोरीची भाकरी काढून घेतलीत आणि एक प्रश्न नाही विचारलात? ठेवा तो फोन. मुकुट शेवटचा कुणी पाहिला?"

"मी. काल संध्याकाळी पुसून ठेवला."

"किल्ली?"

"रंगपटात खिळ्याला असते. नाटकातलं कुणीही घेईल."

बाई कागदाजवळ गेल्या. बोटाने चाचपलं. कडेपासून कडेपर्यंत तो दाराला घट्ट बसला होता. खाली खळीचे ओघळ. नाटकाची पोस्टरं चिकटवायला कणकेची खळ शिजवली होती, तीच ही.

त्यांनी रुमाल पाण्यात बुडवला आणि कागदावर दाबून धरला.

"अहो, पुरावा आहे तो!" स्वानंद पुढे धावला.

"म्हणूनच. बॉलपेन पाण्याला भीत नाही, स्वानंद. तू का भितोस?"

खळ सुटली. कागद अलगद निघाला. बाईंनी मागची बाजू धुतली, चष्मा पुसला आणि वाचलं. मग त्या अशा काही तापल्या, की आवाज सभागृहाबाहेर गेला.

"मार्तंडराव, 'सगळे समोर बसलेत' असं लिहिलंय. कोण बसलं होतं कपाटासमोर? चोर रिकाम्या खोलीत असं लिहील का? आणि ही पोर घाबरली की हिंदीत बोलते. आत्ता तुमच्यासमोर बोलली. कबुली तेवढी शुद्ध मराठीत? हे रेवाचं मन नव्हे हो, तिच्या पात्राचं! नाटकातली सून नणंदेचं पत्र चोरते आणि तोंडाने म्हणते, 'वन्सं, चहा गार होतोय.' मी तेवढंच वाक्य पुरवते. माझ्या प्रतीत मनातलं नसतं, म्हणून मीही ओळखलं नाही. पण वही तपासणाऱ्याने हे वाचलं होतं. तो गप्प का बसला?"

स्वानंद दाराकडे सरकला.

"चिठ्ठी लावायला चार थेंब पुरतात. सगळा कागद माखला, कारण मागची बाजू कुणाला दिसायला नको होती. हे बघा. सुनेचा पुढचा संवाद, त्याखाली लाल बॉलपेनने शेरा: 'इथे राग कमी पडतो.' खाली स्वानंदची सही आणि तारीख कालची! शनिवारी वाटलेली वही रविवारी कशी तपासलीस रे? त्या पोरीने तुझ्यावर विश्वास टाकून मनातलं लिहिलं आणि तू त्याचाच फास केलास!"

"मुकुट आमचा आहे!" स्वानंद फाडकन बोलला. "माझ्या पणजोबांनी दिला होता. आता कमिटीत सगळे रेल्वेवाले. कालचे आलेले लोक त्यावर हक्क सांगणार?"

"दिला तो देवाला. तुला नव्हे. कुठे आहे?"

"घरी. पेटीत."

मार्तंडराव खुर्चीत बसले. "पोलिसांचं बघू. आपल्यातलाच मुलगा आहे..."

"आणि ही कुणाची? हिच्या वेळी कोतवाली आठवली बरी! आधी शाळेत फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर."

मार्तंडरावांनी लावला. घसा खाकरला. "मैडम, वो रेवा के बारे में... कुछ गलतफहमी हो गई थी..."

बाईंनी फोन हिसकावला. "गलतफहमी नहीं, मैडम. लड़की बेकसूर है, और इन्होंने बिना पूछे उसे चोर कहा. यही लिखकर, दस्तखत करके अभी भेज रहे हैं."

पलीकडचं ऐकून त्यांनी फोन रेवाच्या हातात दिला. "घे. परवा किती वाजता यायचं, ते तुझं तू विचार."