पाचनंतर सांगेन

ग्रंथालयाबाहेरच्या मतपेटीवर पावसाची बारीक झिमझिम चालली होती. घरपोच आलेल्या मतपत्रिकेत गावाच्या प्रश्नांवर 'हो' किंवा 'नाही' भरून लोक पाकिटं इथे आणून टाकत. ग्रंथालयात काम करणारी आयला केस्किनेन पेटीचं झाकण पुसत होती, तेवढ्यात जाकिटाखाली मतपत्रिका जपत एक उंच माणूस धावत आला. नदीवरच्या फेरीबोटीवर दोर सांभाळणारा ऑल्डन प्रुइट. नाव तिला ठाऊक होतं. बोलणं कधी झालं नव्हतं.

"मॅडम, या तिसऱ्या प्रश्नाचं मी काय करू? दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं शाळेबद्दल आहे, दुसऱ्यांदा वाटलं गटाराबद्दल."

तिला हसू आवरेना. "मी कामावर आहे. कामावर असताना मत कसं द्यावं ते आम्ही सांगायचं नाही, असा नियम आहे."

"मग सांगता कधी?"

"पाचनंतर."

"पाचला येतो," तो म्हणाला, आणि आला.

समोरच्या खाणावळीत ब्लॅकबेरी पायची बशी मध्ये ठेवून दोघं मतदारांची माहितीपुस्तिका वाचायला बसली. त्या संध्याकाळी एकच प्रश्न सुटला. दुसऱ्या संध्याकाळी एकही नाही... कारण तो विचारत होता, की तिच्या केसांना नेहमीच पावसाचा वास येतो का. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"आणि हा शेवटचा? फेरीबोटीचा?" एकदा तिने पान उलटलं.

त्याने पुस्तिका मिटली. "तो माझ्यावर सोड. 'फेरीबोट बंद' असं वर छापलंय. माझं उत्तर 'नाही'. त्यात वाचायचं काय?"

ती हसली... आणि वाचायचं राहिलं.

दर गुरुवारी ती पलीकडच्या शाळेसाठी पुस्तकांची खोकी घेऊन बोटीतून जायची. त्या गुरुवारी निघण्याआधी तिने ते पान वाचलं. मग पुन्हा वाचलं. बोट बंद करण्याचा निर्णय गावाच्या कौन्सिलने आधीच घेतला होता. प्रश्न होता, तो निर्णय रद्द करावा का? म्हणजे बोट वाचवायची, तर 'हो' म्हणायला हवं होतं.

ती धक्क्यावर पोचली. बोटीच्या कठड्यावर ओल्या रंगाच्या पाट्या झळकत होत्या — 'नाही म्हणा! बोट वाचवा!' बाकांवर बसलेल्या माणसांच्या हातात मतांची पाकिटं होती.

"ये गं बाई," म्हाताऱ्या बर्निसने तिला जागा करून दिली. "तुझ्या या लाडक्याने सगळ्या गावाला कामाला लावलंय. दुपारी आम्ही वाजतगाजत तुझ्या पेटीपर्यंत येणार!"

ऑल्डनच्या गालाला निळा रंग लागला होता. "अक्षरं कशी झाली?" त्याने विचारलं. मग दोर सोडता सोडता हळूच म्हणाला, "बोट राहिली, तर मीही इथेच राहीन. आणि मग तुला एक विचारायचंय."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बर्निस मुद्दाम खोकली. सगळे बघत होते... एवढ्या लोकांसमोर याला चुकलास म्हणायचं?

"ऑल्डन, मला... एक सांगायचं होतं. पाचनंतर सांगेन."

"ऐकलंत का? मॅडम कामावर आहेत!" तो ओरडला, आणि बोटभर हशा पिकला.

प्रश्नाचा नुसता अर्थ सांगायला नियमाची आडकाठी नव्हती. हे तिला तेव्हाही माहीत होतं.

पाचला तो उड्या मारतच आला. तिने सांगितलं. त्याने काटा बशीत ठेवला.

"पण... पाकिटं तर पेटीत पडली. तू खिडकीतून बघत होतीस. मी हात केला तुला."

तिनेही केला होता.

"सकाळी ठाऊक होतं?"

"हो."

त्याने बशी बाजूला सरकवली. "तू कामावर होतीस," तो म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता. असता, तर तिला सोसलं असतं.

पेटीत पडलेलं पाकीट परत मिळत नाही. ऑल्डनने जमेल त्याला गाठून खरा अर्थ सांगितला, पण बोट हरली. जेवढ्या मतांनी हरली, तेवढी माणसं तिच्या एका खेपेत सहज मावली असती.

शेवटची खेप शनिवारी होती. नदीवर धुकं होतं. आयला रिकाम्या हातांनी आली.

"पुस्तकं कुठेत?" त्याने विचारलं.

"आज सुट्टी आहे माझी." तिने कठडा घट्ट धरला. पाट्या काढलेल्या जागी निळे ठिपके राहिले होते. "ऑल्डन, जाऊ नकोस. तू जे विचारणार होतास ना... त्याला माझं उत्तर 'हो' होतं. आहे."

आसपास माणसं होती. बर्निसही होती. या वेळी ती खोकली नाही.

ऑल्डनने तिच्या गालावरचा ओला केस बाजूला केला. बोटं तिथेच थांबली, क्षणभर...

"अलास्काच्या बोटीवर सोमवारी हजर व्हायचंय. शब्द दिलाय मी," तो म्हणाला. "पाच केव्हाच वाजून गेले, आयला."

ती धक्क्यावर उतरली. बोट मागे सरकू लागली. तिने हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. तो पाठमोरा उभा राहून दोर गुंडाळत होता... एकेक वेढा, अगदी सावकाश. धुक्यात बोट दिसेनाशी होईपर्यंत तो दोर काही संपला नाही.