वळशाची वेस

पूर्वेला तांबडं फुटत होतं आणि कसबे वळसे निर्धास्त निजलं होतं. का निजू नये? तीन अंगांना नदीचा खोल वळसा, चौथ्या अंगाला पांढऱ्या मातीचा भक्कम तट, तटाला एकच वेस. आणि त्या वेशीबाहेर, उघड्या माळावर, महारवाडा. गावाची रखवाली ज्यांनी करायची, त्यांचीच घरं रखवालीबाहेर! पेंढाऱ्यांच्या धामधुमीचे ते दिवस. तरीही या रीतीची गावात कुणाला लाज म्हणून वाटत नव्हती.

वेसकर रायनाकानं वेस उघडली, माणसं-गुरं शिवाराकडं पांगली, तो माळाच्या टोकाला धुळीचे लोट! त्यानं हाळी दिली. शिवारात गेलेली माणसं, गुरंढोरं, सगळी त्यानं आत घेतली. शेवटी त्याची बायको पुताई महारवाड्यातली म्हातारीकोतारी आणि लेकरं घेऊन उंबऱ्याशी आली आणि थबकली. हुकमावाचून आत पाऊल टाकायचं नाही, हे हाडीमासी भिनलेलं.

"जोहार, पाटील," रायनाक म्हणाला, "माझी माणसं आत घ्यावी."

हाळी ऐकून वेशीत आलेले सुभानजी पाटील मनाचे वाईट नव्हते. पण त्यांनी कुलकर्ण्यांकडे पाहिलं.

"घ्यावी, जरूर घ्यावी," नारोपंत कुलकर्णी म्हणाले, "पण ठेवायची कुठं? आत आड एकच. पाणी बाटलं तर?"

"देवळामागं?" पाटलांनी विचारलं.

"छे, छे! भलतंच काय!"

"मग तालमीत?"

"तालमीतही मारुती आहेच की, पाटीलबाबा."

शत्रू माळ तुडवीत येत असता गावची शहाणी माणसं जागा ठरवत बसली, काय म्हणावं! टापा अगदी जवळ आल्या. आता वेस उघडी ठेवणं म्हणजे गाव लुटारूंच्या हाती देणं, हे रायनाकानं ओळखलं. काठी उचलून तो उंबऱ्याबाहेर आपल्या माणसांपुढं जाऊन उभा राहिला; महारवाड्यातले गडीही त्याच्याभोवती सरसावले.

"अडसर घाला, पाटील. आमचं आम्ही बघतो."

आणि पाटलांनी अडसर घातला. होय, घातला!

काठ्या, कोयते आणि दगडगोटे यांवर महारवाड्यानं वेस लढवली. एवढ्या मोलानं मिळणारी लूट पेंढाऱ्यांना परवडेना. दुपारी ते निघून गेले. पाटलांनी दार उघडलं, तेव्हा रायनाक दाराला पाठ लावून पडला होता, आणि त्याच्याभोवती कितीतरी.

पाटलांनी पागोटं उतरवून पुताईपुढं ठेवलं. "बाई, चावरभर जमीन इनाम लिहून देतो. वंशपरंपरा खा."

"जमीन राहू द्या," पुताई म्हणाली. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. "जागा ठरली का, तेवढं सांगा."

नारोपंतांनी तोंड फिरवलं.

मातीआड करायचं ते करून, उरलेली माणसं घेऊन पुताई नदीपार गेली. दिवेलागणीला वेस लावायला कुणीच नव्हतं, म्हणून पाटील स्वतः आले. तटावरच्या पहारेकऱ्यानं रोजच्यासारखी आरोळी दिली, "गाव सगळं आत आलं, पाटील!"

अडसरावर हात ठेवून पाटील तसेच उभे राहिले. त्यांना मान वर करवेना.