राघोचा अंगठा

हे खरं घडलेलं आहे. चाळीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांची टिंगल करून मी पोट भरलं, त्यामुळे माझ्या शब्दावर कुणी विश्वास ठेवावा अशी अपेक्षा नाही. पण ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती तर शेवट जरा बरा केला असता.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. ही भर दुपारची आहे.

मंगळवार, तीन नोव्हेंबर. दुपारचे सव्वादोन. मॉरिशसमधल्या पोर्ट लुईच्या बंदरावरचा जुना डेपो.

आमचे कोकणातले पणजोबा जहाजातून उतरले ते इथेच. उसाच्या मळ्यावर जाण्याआधी सगळ्यांची नोंद इथेच व्हायची. आता ते स्मारक आहे. दगडी पायऱ्या, दवाखान्याच्या पडक्या भिंती आणि शाळेच्या सहली.

सोबत माझा मेहुणा राघो होता. प्रेमिलाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ. निवृत्त बस-इन्स्पेक्टर. वजन एकशे दहा किलो. त्याची बायको गेल्यापासून तो कास्कावेल गावात आमच्याच मागच्या खोलीत राहायचा. त्याने आयुष्यात उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे जेवणाचं ताट.

"दाजी, पणजोबा एवढ्या पायऱ्या चढले?" तो धापा टाकत म्हणाला.

"सोळाच आहेत."

"तेच म्हणतो मी. माणसाची काही किंमत?"

दवाखान्याच्या भिंतीपलीकडे एक टेबल होतं. टेबलामागे काळ्या कोटातला म्हातारा. पुढ्यात जाड वही आणि निळ्या शाईचं पॅड.

ऊन मी म्हणत होतं. आम्ही दोघे घामाने निथळत होतो.

म्हाताऱ्याच्या कपाळावर मात्र... एक थेंब नव्हता.

मला वाटलं, पाहुण्यांसाठी केलेला देखावा असेल. सरकारने एकदा तरी बऱ्या गोष्टीवर खर्च केला म्हणायचा.

म्हाताऱ्याने वही राघोपुढे सरकवली.

"चष्मा गाडीत राहिला," राघो म्हणाला. "दाजी, काय लिहिलंय?"

मी वाचलं. पाच वर्षं. ऊसतोडणी. मालक सांगेल ते काम.

सगळं वाचलं. वाचून हसलो. आज एवढंच कबूल करायचं होतं खरं तर.

"अभिनंदन मेहुणे! नोकरी लागली तुला."

"पेन्शन आहे का विचारा."

"सही नको, अंगठा दे. पणजोबांसारखा." मी त्याचा अंगठा धरला, शाईत दाबला आणि वहीवर टेकवला. मीच.

म्हातारा तेव्हा पहिल्यांदा बोलला.

"एक दिवस चुकला, तर दोन वाढतील."

मग मीही माझा अंगठा पुढे केला. त्याने वही मिटली.

"एकच जागा होती."

फाटकावर जोस्लीन नावाची मुलगी कामाला असते. जाताना मी तिच्याकडे त्या म्हाताऱ्याच्या कोटाचं कौतुक केलं.

"कुठला म्हातारा, तोंतों?" तिने विचारलं. आमच्याकडे काकाला तोंतों म्हणतात. "आणि वही कसली? आम्ही वही ठेवतच नाही."

ती आमच्याबरोबर मागे आली. भिंतीपलीकडे वाळकं गवत होतं. टेबलाच्या पायांचे ठसेसुद्धा नव्हते.

राघोने अंगठा बघितला.

निळा होता.

त्या संध्याकाळी त्याने दोनच दालपुऱ्या खाल्ल्या. एरवी सहा खायचा. मी घाबरलो तो तेव्हा.

दुसऱ्या दिवशी पहाटे घंटा वाजली... साखर कारखान्याची घंटा. कारखाना बंद होऊन कित्येक वर्षं झाली. घंटा भंगारात गेली. मळ्याच्या जागी मॉल आहे.

मग मागच्या खोलीचं दार वाजलं.

राघोने उघडलं नाही. चहाला आला तेव्हा म्हणाला, "दाजी, बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं."

"कुणाचा?"

"माझाच असणार. ऐकल्या ऐकल्या मी उठून उभा राहिलो होतो."

चार दिवस त्याने दार उघडलं नाही.

पाचव्या दिवशी खोली रिकामी होती.

संध्याकाळी परत आला. तळहातांना फोड. हातांवर उसाच्या पात्यांचे चरे. गुडघ्यापर्यंत लाल चिखल. मॉलभोवती तर सगळीकडे डांबर आहे.

"कुठे होतास रे?"

"कामावर."

"कुठल्या कामावर?"

"असं काय करता दाजी? तुम्हीच तर वाचून दाखवलंत."

प्रेमिलाने माझ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्हाला सगळ्याचीच थट्टा सुचते." त्यानंतर ती त्या विषयावर कधी बोलली नाही. पहाटे उठून भावाचा डबा मात्र भरू लागली.

डॉक्टर झाले. पुजारी झाले. दहा दिवस इस्पितळात ठेवला, तर खाटेवर पडल्या पडल्या बोटं मोजून म्हणाला, "वीस."

दर मंगळवारी सव्वादोनला मी डेपोवर जाऊन बसायचो. म्हटलं, त्याच्या अंगठ्याऐवजी माझा देतो. जोस्लीन बिचारी खुर्ची आणून द्यायची. एकदाच... टेबल दिसलं. वही नव्हती. म्हातारा नव्हता. नुसतं शाईचं पॅड.

मी जीव खाऊन अंगठा दाबला.

कोरडं होतं.

सोळा महिन्यांनी राघो गेला. तेव्हा त्याचं वजन बावन्न किलो होतं. आंघोळ घालताना मी प्रेमिलाला बाहेर पाठवलं. त्याच्या पाठीवर काय होतं, ते बहिणीने बघण्यासारखं नव्हतं.

चितेला अग्नी दिला आणि मी मोठ्याने म्हणालो, "सुटलास रे बाबा."

दुसऱ्या दिवशी पहाटे... घंटा.

मागच्या खोलीचं दार वाजलं. नंबर पुकारला. एकदा. दोनदा.

रिकाम्या खोलीत खाट करकरली. कुणीतरी लगबगीने उठलं. मग आतून कडी खडखडायला लागली... हात लागत होता, पण उघडत नव्हती.

मी धावत जाऊन धक्का मारून दार उघडलं. आत कुणीच नव्हतं.

आणि माझ्या पाठीमागे, अगदी शांत आवाजात, कुणीतरी म्हणालं,

"गैरहजर."

मी ती कडी काढून टाकली. मग दारही काढलं. तरी रोज पहाटे ती खडखडते.

आता मी तिथे आधीच जाऊन उभा राहतो. नंबर पुकारला, की राघोच्या वतीने ओरडतो, "हजर!"

वहीचं पान उलटल्याचा आवाज येतो.

"गैरहजर."

एका दिवसाला दोन. पाच वर्षं कधी भरतील, ते कुणाला गणित येत असेल तर त्याने सांगावं. मी प्रेमिलाला सांगितलेलं नाही.

ती अजून डबा भरते.