लाल तार, काळी तार

दुकानातली सगळ्यात महाग स्पीकर केबल मी काउंटरवर ठेवली, तर दुकानदाराने ती उचलून परत हुकाला अडकवली.

"खोली केवढी आहे तुमची?"

मी दहा बाय बारा म्हणाले. मग साधी तांब्याची तार पुरेल, महाग घेऊन आवाज काही वेगळा येणार नाही, असं त्याने सांगितलं. आलेल्या गिऱ्हाइकाचा खर्च वाचवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहत होते. हसताना त्याच्या गालाला खळी पडत होती, पण तिकडे मी लक्ष दिलं नाही... निदान पहिली पाच मिनिटं तरी.

मी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या दाढा कोरते, पण घरी दोन तारा सोलताना घाम फुटला. शेवटी त्यालाच बोलावलं. लाल टोकाला लाल, काळ्याला काळी अशी तार जोडत त्याने बाबांना समजावलं, की एका स्पीकरच्या तारा उलटसुलट झाल्या तर आवाजातला दमच जातो. बाबा फारच मन लावून ऐकत होते.

चार दिवसांत आवाज पोकळ झाला. तो आला, तारा सरळ केल्या, चहा पिऊन गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तो स्पीकरमागे ओणवा झाला होता आणि मी टॉर्च धरून उभी होते.

"रागावू नका," तो हळूच म्हणाला, "पण या तारा... तुम्ही बदलता का?"

"मी? मला वाटलं, तुम्हीच जाताना मुद्दाम चुकीच्या लावता."

तो वर बघेना. मग कानापर्यंत लाल होत म्हणाला, "तुम्हीच बदलताय असं समजून मी दोन आठवडे खुशीत होतो."

"मीही..." म्हणताना माझ्या हातातला टॉर्च छताकडे गेला.

दारात बाबा खाकरले.

"मीच बदलतो," ते कुरकुरत म्हणाले. "दोघंही एवढे घुमे, करणार काय? त्या कोपऱ्यात वाकून वाकून गुडघे गेले माझे. आता बाहेर कुठेतरी भेटा."

ते आत गेल्यावर त्याने विचारलं, उद्या पाचला मोकळी आहेस का. 'तुम्ही'वरून 'तू'वर तो केव्हा आला, दोघांनाही कळलं नाही.

उद्या पाचला मला एकाची अक्कलदाढ काढायची होती.

"मोकळीच आहे," मी म्हणाले.