शिकागोच्या संचातली पाचशेची नोट

"म्युझियम कॅन्सल," ज्ञानदाने जाहीर केलं. "बाबांना मूड नाहीये."

स्प्रिंग ब्रेक नुकताच सुरू झाला होता. शेजारचा निमिष बूट-जॅकेट चढवून तयार होऊन आला होता. मार्च संपत आला तरी नेपरव्हिलच्या रस्त्यांच्या कडेला मळकं बर्फ पडून होतं. ज्ञानदाचा धाकटा भाऊ वेदांत जिन्यात तोंड पाडून बसला होता, पण त्याचं दुःख म्युझियमचं नव्हतं.

"अमितदादा जातोय," तो म्हणाला. "बाबांनी त्याला रविवारपर्यंत बेसमेंट रिकामं करायला सांगितलंय."

अमितदादा मूळचा नागपूरचा. रोज ट्रेनने शिकागोला जाऊन एम.एस. करायचा आणि ज्ञानदाच्या घरी बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचा. भर सेमिस्टरमध्ये त्याला परवडेल अशी खोली कुठून मिळणार? "आम्हाला जागा लागतेय," एवढंच बाबा सांगत होते. ते कारण आईलाही पटलं नव्हतं.

मुलांनी बाबांना गराजमध्ये गाठलं. बाबांनी आधी स्क्रू मोजले, मग हातोडी पुसली, आणि शेवटी आईला न सांगण्याच्या अटीवर सगळं ओकून टाकलं.

बाबांना जुन्या डॉलरच्या नोटा जमवायचा नाद होता. तोही साधा नाही. १९३४ सालच्या, शिकागोचा शिक्का असलेल्या नोटांचा पाचापासून हजारापर्यंतचा पूर्ण संच त्यांना हवा होता. पाचशे आणि हजाराच्या नोटा छापणं सरकारने केव्हाच बंद केलं होतं. चुकून एखादी बँकेत गेलीच, तर बँक पैसे देते, पण नोट कायमची नष्ट होते. म्हणून त्या इतक्या दुर्मीळ. पाचशेची नोट हाती लागली आणि बाबांचा संच पूर्ण झाला. तिच्यासाठी किती मोजले हे आईला कळू नये म्हणून त्यांनी ती लपवली, तीही आईच्याच कपाटात, एका हिरव्या ब्लाउजपीसच्या घडीत! आई ब्लाउजपीस कधीच उलगडून बघत नाही, हा त्यांचा तर्क होता, आणि तो बरोबर होता.

"ब्लाउजपीस जागच्या जागी आहे आणि नोट गायब," बाबा म्हणाले. "आठवडाभर आधी मी ती तुम्हाला आणि अमितला दाखवली, तेव्हा त्याने विचारलं होतं, विकली तर किती येतील म्हणून."

"म्हणून तो चोर? दॅट्स सो अनफेअर!" ज्ञानदा भडकली. विकली तर किती येतील हे तिनेही विचारलं होतं. तिला कोणी घराबाहेर काढलं नव्हतं.

तिने तो ब्लाउजपीस आणून खिडकीपाशी उलगडला. कडेला कुंकवाचं बोट उमटलं होतं. घडीतून तांदळाचे दोन दाणे खाली पडले.

"बाबा, तुम्ही दुकानातल्या कोऱ्या ब्लाउजपीसमध्ये ठेवली होती ना? हा ओटीतून आलाय. आपला गेला आणि हा त्याच्या जागी आला."

बाबा पाहतच राहिले. शनिवारी आईने चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं होतं आणि आलेल्या प्रत्येकीची ओटी भरली होती. दुसऱ्या दिवशी तीच बायकामंडळी दुसरीकडे भेटली होती, आणि आईचीही ओटी भरली गेली होती. नेपरव्हिलमध्ये शिंपी नाही, त्यामुळे ब्लाउजपीस शिवतं कोण? ते एका घरातून दुसऱ्या घरात नुसते फिरत राहतात.

आता नोट कोणाच्या घरी आहे हे शोधायचं होतं, आणि तेही कोणाला न सांगता. शिवाय ती कोणा भाबड्या काकूंना सापडली आणि त्यांनी ती बँकेत भरली, तर नोटही संपली आणि अमितदादाच्या माथ्यावरचा डागही कायम राहिला!

निमिषने घरी जाऊन आपल्या आईला, सुनेत्राकाकूंना, ओटीतला ब्लाउजपीस कुठे आहे असं सहज विचारून पाहिलं. शिवायला टाकलाय, असं त्यांनी ठोकून दिलं. आलेली ओटी पुढे सरकवली हे कोण कबूल करणार?

"मग विचारायचंच नाही," ज्ञानदा म्हणाली. "ब्लाउजपीस मागायचेच. वृद्धाश्रमासाठी गोधडी शिवतोय म्हणून."

"पण ते खोटं होईल," वेदांत म्हणाला.

"नाही होणार. आपण खरंच शिवू."

युक्ती अशी फळली की विचारू नका. काकूंनी कपाटं रिकामी केली. मुलांच्या सायकलींना पिशव्या लटकल्या. हिरवे ब्लाउजपीस ढिगाने मिळाले, पण एकाही घडीत नोट नव्हती. शेवटचं घर मीनाक्षीमावशींचं होतं. त्यांच्याकडचे सगळे ब्लाउजपीस आज सकाळीच रत्नाकाकूंकडे गेले होते, आणि रत्नाकाकू तासाभरात पुण्याला जायला निघणार होत्या.

मुलांनी सायकली दामटल्या. रत्नाकाकूंच्या दारात बॅगा बांधून तयार होत्या. बॅग उघडायचं नाव काढताच काकूंनी साफ नकार दिला. निमिषची नजर वजनकाट्यावर गेली.

"काकू, या मोठ्या बॅगेचं परत एकदा वजन करू या?"

काटा विमानात चालणाऱ्या पन्नास पौंडांच्या पुढे गेला. काकूंचा चेहरा उतरला. एअरपोर्टवर दंड भरण्यापेक्षा काहीतरी काढलेलं बरं. काय काढायचं, हे सुचवायला ज्ञानदा होतीच. तिसऱ्या हिरव्या ब्लाउजपीसच्या घडीत प्लास्टिकच्या पाकिटातली पाचशेची नोट निवांत पडली होती.

घरी नोट बघून बाबांचा जीव भांड्यात पडला. आईलाही अर्थात सगळं कळलं. नोटेच्या किमतीवर ती सावकाश बोलणार होती. आधी तिने तिघांना जवळ घेतलं.

"शाब्बास रे! मी अमितला सांगतो, आमचा बेत बदलला, तू राहा," बाबा म्हणाले.

"नाही, बाबा," ज्ञानदा म्हणाली. "खरं सांगा."

बाबांना खाली जाववेना. पण गेले. अमितदादा पुस्तकं खोक्यात भरत होता. बाबांनी अडखळत सगळं सांगितलं, आपला संशयसुद्धा, आणि माफी मागितली.

"मला अंदाज आला होता, काका," अमितदादा म्हणाला. "नुसतं विचारलं असतं, तर मीपण शोधायला लागलो असतो ना."

बाबा जिन्यातल्या मुलांकडे वळून म्हणाले, "मी चोर शोधत बसलो. नोट शोधली ती या पोरांनी."

बाबा जमिनीवर बसले आणि खोक्यातली पुस्तकं एकेक करून शेल्फवर लावायला लागले.

"जाड पुस्तकं खालच्या कप्प्यात, काका," अमितदादा म्हणाला, आणि त्यांच्या शेजारी येऊन बसला.