चित्र गेलं, आवाज आहे

“ओ मॅडम, तुमचा आवाज लाइव्हमध्ये जाऊन राह्यला!”

मी दचकून मागे पाहिलं. देऊळघाटच्या मैदानाच्या कडेला, माझ्यापासून हातभर अंतरावर, स्टँडवर कॅमेरा आणि त्यामागे एक मुलगा. केसांवर धुळीचा थर आणि डोळ्यांत हसू... कसंबसं दाबून ठेवलेलं.

मी बुलढाण्याहून मामेभावाची मॅच पाहायला आले होते आणि सवयीप्रमाणे पुटपुटत होते. पुटपुटत कसली – बॅट्समन पुढे सरसावला, चेंडू उंच उडाला, असं चांगलं खणखणीत चाललं होतं. मंडपातून पंजाबरावकाकांची कॉमेंट्री भोंग्यावर सुरू होती, ती वेगळीच.

“मग तुमचा माईक बंद करा की!” मी उलट त्यालाच झापलं.

“कसा करू? लोकं खाली लिहून राह्यले, पंजाबरावले बंद करा न या ताईले ठेवा.” त्यानं मोबाईल पुढे केला. खरंच, पाच-सहा जणांनी तसं लिहिलं होतं. “मले फक्त त्यातला ‘ताई’ पटला नाई,” तो म्हणाला.

“काऊन?”

“असंच...”

आणि साहेब कॅमेऱ्याच्या भिंगात असे काही डोकावले, जणू त्या भिंगात काही हरवलंच होतं.

त्याचं नाव देवेश. घरी देऊळघाटला वांगी-टोमॅटोचा मळा. लग्नसराईत लग्नाचं शूटिंग, एरवी गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धा मोबाईलवर लाइव्ह दाखवायच्या, हा त्याचा धंदा.

आणि मी इरा. लहानपणी टीव्हीचा आवाज बंद करून आख्खा सामना आपल्या तोंडानं सांगणारी पोट्टी. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “भाकर करपून राह्यली, तेही सांग तुह्या प्रेक्षकाले!” बाबा जिल्हा परिषदेत क्लार्क. त्यांच्या समाधानासाठी मी बँकेच्या परीक्षा देत होते, पण जीव सगळा टीव्हीवरच्या त्या बायांमध्ये. हातात माईक, भोवती गर्जणारं मैदान, समोर घामेजलेला कप्तान, आणि त्या त्याला शांतपणे विचारतायत की हा निर्णय चुकला नाही का. किती अभ्यास असतो त्यांच्या एकेका प्रश्नामागे! ऊर भरून यायचा माझा. आपण तिथे पोचायचंच, हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. फक्त बुलढाण्याहून तिकडे जाणारी गाडी कोणती, ते ठाऊक नव्हतं.

ती गाडी देवेशच्या कॅमेऱ्यावरून जाते, असं निघालं. पुढच्या स्पर्धेला, मेहकरला, त्यानं मला माईक दिला आणि कानात इयरफोन. स्कोअर काय, कॅमेरा कुठे, हे तो माझ्या कानात सांगणार. त्याचं बोलणं फक्त मला ऐकू येई. माझा माईक मात्र सताड उघडा, त्यामुळे मला उलट बोलायची सोय नाही... आणि त्याचा तो पुरेपूर फायदा घ्यायचा.

“इरा, तो पिवळ्या टोपीवाला फिल्डर तुह्याकडंच पाहून राह्यला. त्याले सांग, बॉल तिकडं हाय.”

मी हसू गिळून माईकवर म्हणायचे, “प्रेक्षकहो, आमच्या कॅमेरामनला चेंडू सापडेनासा झालाय. कुणी शोधून दिला तर उपकार होतील.”

कानात खळखळून हसणं.

पण एक होतं. गोलंदाजानं धाव घेतली की देवेश गप्प. चेंडू मेला की मगच बोलणार. कोणी त्याला शिकवलं नव्हतं, आणि तो एकदाही चुकला नाही. मी बोलत असताना माझ्यासाठी असं गप्प बसणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं. मी त्याच्या बोलण्याच्या नाही, त्या गप्प बसण्याच्या प्रेमात पडले. अर्थात हे त्याला सांगायला मी काही वेडी नव्हते.

फाल्गुनात मुंबईहून फोन आला. एका क्रीडावाहिनीच्या मंजुश्री मॅडम. मराठी कॉमेंट्रीसाठी त्या मुलींची फळी उभी करत होत्या आणि माझी एक क्लिप त्यांच्यापर्यंत पोचली होती. “क्लिपवर मी निवड करत नाही,” त्या म्हणाल्या. “पुढचा सामना कोणता? मी लाइव्ह बघेन. दडपणाखाली तू कशी बोलतेस, ते मला ऐकायचंय.”

पुढचा सामना म्हणजे सुलतानपूरची फायनल. आणि फायनलचा माईक पंजाबरावकाकांचा, हा त्या भागातला रिवाजच. मी घाबरत घाबरत त्यांना गाठलं. काकांनी मिशीवरून हात फिरवला. “फायनल आन् बाईचा आवाज... अशी रीत नाई, पोरी.” मग म्हणाले, “पण माह्या सूनबाईनं तुह्यी मेहकरची मॅच दोनदा लावली. पहिली पाळी माह्यी, दुसरी तुह्यी.”

दुसरा डाव सुरू झाला. मेहकरविरुद्ध सुलतानपूर, गर्दी झाडांवर चढलेली. मी तोलून मापून, टीव्हीवाल्या बायांसारखं कमीच बोलत होते. चित्र दिसतंय ना, मग तोंड आवरायचं. शेवटची दोन षटकं उरली आणि कानात देवेशचा आवाज आला, नेहमीसारखा नव्हता.

“इरा, नेट बसलं. चित्र गेलं. टाकीवर थोडी रेंज हाय, आवाज तेवढा जाईन. मी वरतं जातो. आता सगळं तुह्यावर.”

इयरफोन खर्रकन वाजला आणि मुका झाला. सुलतानपूरच्या पाण्याच्या टाकीवर मैदानाचा भोंगा बांधला होता, त्यातून माझाच आवाज निघत होता. देवेश लोखंडी शिडीनं सरसर वर चढला आणि त्या भोंग्याच्या तोंडापुढे मोबाईल धरून उभा राहिला. पाठ मैदानाकडे.

माझ्या कानात कोणीच नव्हतं. मुंबईत मंजुश्री मॅडम काळ्या पडद्यापुढे बसल्या असतील... मग मला आठवलं, काळ्या पडद्याची कसली भीती? आईच्या स्वयंपाकघरात तर तोही नव्हता, ती नुसती ऐकायची.

“प्रेक्षकहो, चित्र गेलं, आवाज आहे. डोळे मिटा. मी दाखवते.”

आणि मी दाखवलं. मेहकरच्या प्रज्वलच्या हातातला चेंडू, त्याची धाव, उडालेली माती, सुलतानपूरच्या रामनं बॅट जमिनीवर आपटून घेतलेला पवित्रा. गावच्या हिंमतरावांनी विजयी षटकारासाठी बक्षीस लावलेला गावरान कोंबडा, सीमारेषेजवळच्या टोपल्याखाली कुरकुरणारा. शेवटचं षटक, शेवटचा चेंडू, हव्यात पाच धावा. प्रज्वल क्षेत्ररक्षण लावत बसला. मला जागा भरून काढायची होती. मान वर केली, तर समोर टाकी.

“तुमच्यापर्यंत हा आवाज कसा येतोय, सांगते. टाकीवर एक माणूस उन्हात उभा आहे. एका हातानं कठडा धरलाय, दुसऱ्या हातात मोबाईल. अंगात निळा शर्ट, घामानं पाठीला चिकटलेला. मान जराशी डावीकडे कललेली... ऐकताना तो नेहमी तशीच ठेवतो. मांडववाल्यापासून सरपंचांपर्यंत सगळ्यांचे आभार मानायची आपली पद्धत, त्याचं नाव कोणी घेत नाही. देवेश. इतके सामने तुम्ही त्याच्या डोळ्यांनी पाहिले. आज त्यालाही काही दिसत नाहीये. म्हणून हा शेवटचा चेंडू मी त्याच्यासाठीही सांगते.”

प्रज्वल धावला. रामनं बॅट फिरवली. चेंडू उंच, अजून उंच, फिल्डर मागे मागे सरकतोय, टोपल्याला अडखळला, चेंडू त्याच्या डोक्यावरून पार – षटकार! सुलतानपूर जिंकलं! आणि कोंबडा... प्रेक्षकहो, कोंबडा पळाला!

माईक ठेवला आणि माझा मोबाईल वाजला. आई.

“इरा, लय भारी बोलली! अंगावर काटा आला माह्या.” आणि लगेच, “तो टाकीवरचा कोण वं?”

“कॅमेरामन आहे, आई.”

“त्याची मान डावीकडं कलते, हे तुले कसं माहीत?”

मागून बाबांचा आवाज, “त्याले म्हणा, आधी खाली उतर, मग बोलू.”

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. उभ्या तालुक्यानं ऐकलं होतं!

देवेश शिडीवरून उतरला. कानात बोट घालून हलवत होता.

“एक चूक केली तुनं,” तो म्हणाला.

“कोणती?” मी फणकारले. सगळं सहन करीन, पण चूक?

“शर्ट निळा नाई. जांभळा हाय.”

“उन्हात निळा दिसतो.”

“बाकीचं?”

“बाकीचं काय?”

“खरं हाय का?”

मी चपलेच्या टोकानं माती उकरली आणि हळूच म्हणाले, “आवडतोस तू मला.”

“जोरानं बोल. भोंग्यानं कान बसले माहे.”

“आवडतोस तू मला!”

मांडवाचे दोर सोडणारी माणसं थांबली. पंजाबरावकाका गालातल्या गालात हसले. देवेशची मान डावीकडे कलली.

“पहिल्या खेपेलेच ऐकू आलं होतं,” तो म्हणाला. “मलेही तू...” आणि एवढा बडबड्या माणूस, पुढचे शब्दच विसरला.

संध्याकाळी मंजुश्री मॅडमचा फोन आला. “टाकीवरच्या मुलावर जरा जास्तच बोललीस. आमच्याकडे तेवढं चालणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण मला तो दिसला. सामान बांध.”

आज माझा पहिला सामना. सीझन संपला की दोन्ही घरचे लग्नाचं बोलायला बसणार आहेत, पण ते पुढचं. माईक उघडण्याआधी मी देऊळघाटला फोन लावला.

“टीव्हीपुढं बसलास ना?”

“हाव. पडद्यावर टॉवेल टाकला.”

“काऊन रे?”

“मले चित्र नाई पाह्यजे. तू सांग, मी पाहतो.”

फोन ठेवला. कानात मुंबईचा कोणीतरी सूचना देत होता. गोलंदाजानं धाव घेतली, तरी तो बोलतच होता... आमचा नियम त्याला कुठून ठाऊक असणार! मी मान जराशी डावीकडे कलवली आणि बोलायला सुरुवात केली.